मस्कतची मुलगी आणि शाळेचा रांजण

माझी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गात गेली. असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर थांबतो, पुढं काहीतरी असेल म्हणून. पुढं काही नाही. मुख्याध्यापिका व्हायची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी ती टाळली. सातवीला शिकवणारे गुरुजी आम्हा पहिलीवाल्यांकडं जरा वरूनच बघतात. बघू देत. त्यांना मूल आयतं बसतं मिळतं. त्याला बसायला आम्ही शिकवलेलं असतं.

पहिली चार वर्षं मी देगलूरकडं होते आणि बाकीची सगळी उदगीर-अहमदपूरच्या पट्ट्यातल्या खेड्यांत. त्या भागात माझं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी, बाहेरून आलेली मुलं. बदली होऊन आलेल्या तलाठ्याचं, ऊसतोडीहून मधूनच परतलेलं, सरहद्दीपलीकडून आलेलं, असं कुठलंही मूल वर्षाच्या मध्येच शाळेत उगवलं, की मोठे गुरुजी त्याला माझ्याकडं धाडायचे. मूल तिसरीचं असलं तरी आधी आठ दिवस माझ्या वर्गात. "बाईंकडं मुरू द्या जरा," म्हणायचे. लोणचंच जणू.

लोकांना वाटतं, नव्या मुलाचे लाड करावेत, त्याला पुढं बसवावं, नाव-गाव विचारावं, गाणं म्हणायला लावावं. यातलं काही एक करू नये. नवं मूल पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नजरा चुकवण्याच्या खटपटीत असतं. त्याला प्रश्न विचारू नयेत, काम द्यावं. फळा पुसायचं, खडूचे तुकडे गोळा करायचं, दाराला धोंडा लावायचं. हाताला काम असलं की बघणाऱ्यांकडं बघावं लागत नाही. आणि एक जोडीदार द्यावा. हुशार मुळीच देऊ नये, बडबड्या द्यावा. हुशार मूल नव्याची परीक्षा घेत बसतं. बडबड्याला फक्त ऐकणारा हवा असतो.

तिसरी गोष्ट मी देगलूरला शिकले. तिथं वर्गात निम्मी मुलं मराठी बोलणारी, उरलेली तेलुगू आणि कन्नड. मी एक वही केली होती. नवं मूल आलं की त्याच्या आईला पहिल्याच दिवशी पाच गोष्टी विचारायच्या, तुमच्या घरात 'ये' कसं म्हणता, 'बस' कसं म्हणता, 'पाणी', 'दुखतंय' आणि 'बाहेर जायचंय'. शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. नवं मूल वर्गात चड्डी ओली करतं ते एकदाच. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येतच नाही. नरसिंगा नावाचा एक पोरगा तिकडून आला होता, चार दिवस दाराची चौकट सोडेना. मी त्याला 'नीळ्ळु?' म्हणून पाणी विचारलं, तसा तो आत आला आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी तेलुगूत बोलत राहिला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी आपली हूं हूं करत होते. वर्ष संपेपर्यंत त्यानं मराठीत भांडायलाही सुरुवात केली, म्हणजे माझं काम झालं.

हे सगळं मी ऐटीत सांगते आहे, कारण ऐट करण्यासारखंच आहे. पण जिच्या बाबतीत माझ्या हातून सगळ्यांत मोठी चूक झाली, ती मुलगी घरात मराठीच बोलत होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. शाळेच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं आणि मोठे गुरुजी पट्टी लावून ते खोडायचे, वर सुबक अक्षरात 'लातूर' लिहायचे. नवे साहेब येणार, नवी तपासणी होणार, अशी हवा होती. आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मी होते ते गाव उदगीरपासून आठ-नऊ मैलांवर. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत आणि वाचतातही. संक्रांतीच्या आधीच शाळेजवळची विहीर तळाला गेली. टँकर एक दिवसाआड यायचा. गावची निम्मी माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची.

शाळेत पाण्याचा एकच रांजण होता आणि तो माझा होता. म्हणजे मी तो आणला नव्हता, पण त्याचा नियम माझा होता. प्रत्येक मुलानं घरून जमेल तेवढं पाणी आणायचं, तांब्याभर असो की फुलपात्रभर, आणि आपल्या हातानं त्या रांजणात ओतायचं. मग दुपारी आणि शाळा सुटताना त्याच रांजणातून ओगराळ्यानं काढून सगळ्यांनी प्यायचं. वरच्या आळीतल्या मुलानं आणि आमच्या बुद्धवाड्यातल्या मुलानं, सगळ्यांनी.

हा नियम का, ते सांगायला हवं. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा मी आईच्या पोटात होते. तरी मी शाळेत गेले तेव्हा अहमदपूरच्या बाजूच्या आमच्या गावात रांजणाला हात लावायची मला मुभा नव्हती. ओंजळ धरून उभं राहायचं. वरच्या जातीचं एखादं पोर मनात आलं तर वरून पाणी ओतायचं. मनात नाही आलं तर तहानलेलंच घरी जायचं. बाई झाले तेव्हा मी ठरवलं होतं, दुसरं काही जमो न जमो, माझ्या शाळेत रांजण एक राहील. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दोन घरांनी पोरं पाठवली नाहीत. महिनाभरानं पाठवली. दुष्काळात तर या नियमाचा मला जास्तच अभिमान वाटायचा, कारण कुणाच्या घरात घागरभर पाणी आणि कुणाच्या घरात तांब्याभर, पण रांजण सगळ्यांचा भरायचा.

संक्रांत झाली आणि शिल्पा आली.

वरच्या आळीतल्या नानांची ही नात. नाना म्हणजे गावातले मोठे शेतकरी, शाळा समितीवरचे. त्यांचा मुलगा लातूरला शिकून मस्कतला बांधकामावर सुपरवायझर होता. शिल्पा तिथंच जन्मलेली, तिथंच बालवर्गात गेलेली. आईचे दिवस भरत आले म्हणून माय-लेकी गावी आल्या, बाप तिकडंच राहिला. गावात सगळे म्हणायचे, पोरगी आपल्या घरी आली. सहा वर्षांच्या त्या पोरीनं हे गाव फक्त फोटोत पाहिलं होतं. तिच्यासाठी परदेश हाच होता, पण हे माझ्याही डोक्यात तेव्हा आलं नाही.

आजी तिला घेऊन आली. पांढरे मोजे, बूट आणि गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली लाल झाकणाची पाण्याची बाटली. आमच्या पोरांनी तसली बाटली कधी पाहिली नव्हती. मी नेहमीप्रमाणं फार काही विचारलं नाही. सुनीताशेजारी बसवलं. सुनीता बुद्धवाड्यातली, तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा, जोडीदार म्हणून एक नंबर. पाच शब्दांची वही मी उघडलीच नाही. मराठी बोलणाऱ्या मुलीला काय विचारायचं?

पाणी ओतायची वेळ झाली. पोरं रांगेनं रांजणापाशी गेली. शिल्पा बाटली छातीशी धरून जागेवरच उभी.

"बाळ, ओत पाणी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "हे माझं आहे."

मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, तिच्या आज्जीनं सांगितलं आसंल, समद्यात मिसळू नको म्हणून."

त्या पोराला काय म्हणायचं होतं कोण जाणे. पण माझ्या डोक्यात सणक गेली. वेगळं पाणी! वरच्या आळीतून आलेली, परदेशातून आलेली, आणि पहिल्याच दिवशी शाळेत वेगळं पाणी. मी तिच्यापाशी गेले आणि वर्गासमोर म्हणाले, "या शाळेत कुणाचं पाणी वेगळं नसतं. ओत." आवाज चढवला नव्हता. त्याची गरजही नव्हती, पहिलीच्या बाईचा खालचा आवाज जास्त लागतो.

तिनं झाकण उघडलं आणि सगळी बाटली रांजणात ओतली. शेवटचा थेंब गळेपर्यंत उलटी धरली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती निमूटपणे ओतायची. बोलायची मात्र अजिबात नाही. मोठ्या गुरुजींना वेगळीच घाई होती. "बाई, साहेब तपासणीला येणार. मस्कतच्या पोरीला इंग्रजी कविता येती म्हणे. म्हणून घ्या तिच्याकडून, लातूरच्या हापिसात नाव होईल आपलं." मी म्हटलं, आधी तिला मराठीत हूं तरी म्हणू द्या. मुरेल हळूहळू, असं मी स्वतःलाही सांगत होते. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी ती आली नाही. बाराव्या दिवशी कळलं, पोरगी तापानं फणफणली आहे, थंडी वाजून येते आहे, उदगीरला दवाखान्यात नेलं आहे.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी वरच्या आळीतली सात पोरं गळ्यात दोरीनं बांधलेल्या बाटल्या घेऊन आली. औषधाच्या, सरबताच्या, मिळतील तसल्या. रांजणात कुणी थेंब ओतला नाही. मोठे गुरुजी माझ्याकडं आले, नजर जमिनीवर.

"बाई, नानांचा निरोप हाय. शाळंचं पाणी पोरीला बाधलं म्हणतेत. तिला लातूरला पावण्याकडं ठिवनार, ह्या शाळंत न्हाई घालनार परत. आन् आपण, म्हंजी काही दिवस, वरच्या आळीचं मडकं वेगळं ठिवलं तर..."

"ठेवा," मी म्हटलं, "आणि माझा राजीनामाही त्या मडक्याखाली ठेवा."

राजीनामा देण्याइतकी माझी परिस्थिती नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते निघून गेले. मी वर्गात येऊन बसले. एवढ्या खटपटीनं बसवलेली घडी विस्कटताना दिसत होती आणि मला राग आला होता तो त्या पोरीचा. सहा वर्षांच्या पोरीचा राग.

तेवढ्यात सुनीता टेबलाशी आली. एरवी भडाभडा बोलणारी, आज पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"बाई, शिल्पा माझ्यामुळं आजारी पडली."

"तुझ्यामुळं कशी?"

"तिच्या वाट्याचं पाणी मीच पित होते. ती म्हनायची तू पी. मला लई तहान लागती बाई, मी प्यायचे."

"आणि ती?"

"ती पितच न्हाई. दिवसभर न्हाई. घरी जाऊन पिती."

"का?"

सुनीतानं मला इतकं बावळट कधी पाहिलं नसेल. "पाणी पेलं तर बाहीर जावं लागतं की! तिला भ्या वाटतंय. तिकडं तिच्या शाळंत खोली होती म्हनं, दाराला कडी. हितं बाभळीखाली कसं बसावं, समदी पोरं बघत्यात म्हनती."

आमच्या शाळेला संडास-मुतारी नव्हती. आसपासच्या कुठल्याच खेड्यातल्या शाळेला नव्हती आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. मुलगे भिंतीकडं, मुली बाभळीकडं. दहा दिवस ती पोरगी सकाळी घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत कोरडी राहिली होती, बाहेर जावं लागू नये म्हणून. आणि मी तिच्यासमोर रांजणाचं मोठेपण मिरवत होते. ज्या गोष्टीची वही मी देगलूरपासून जपली होती, तीच विचारायची राहिली होती. का राहिली? ती मराठी बोलत होती म्हणून, आणि खरं सांगायचं तर ती नानांची नात होती म्हणूनही. नरसिंगाच्या आईला मी खाली बसून विचारलं होतं. नानांच्या घराशी मी मनातल्या मनात आधीच भांडत होते.

शाळा सुटल्यावर मी तशीच वरच्या आळीत गेले. नाना ओसरीवर होते. मला खुर्ची दिली, चहा आला. कपबशी घरातली आहे की बाजूला ठेवलेली, हे मी पाहिलं. सवयच आहे ती. घरातलीच होती.

"बाई, तुमच्यावर राग न्हाई," नाना म्हणाले. "पोरगी नाजूक हाय. तिकडचं पाणी पेलेली. तुमच्या रांजणाचं तिला मानवलं न्हाई. डाक्टर बी म्हनला, पाण्यामुळंच झालंय."

"डॉक्टर काय म्हणाले नेमकं?"

दाराआडून आजीचा आवाज आला. गोदाबाई त्यांचं नाव. "म्हनला, पोरीला पाणी पाजत न्हाईत का? मला वाटलं उन्हाळी लागली, म्या धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं. तर ताप चढला." उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ.

"नाना, रांजणाचं पाणी तिला बाधलं नाही. तिनं ते प्यायलंच नाही."

"न्हाई पेली? का म्हून?"

आता हे कसं सांगायचं? तेव्हा बाईमाणसानं ओसरीवर बसून, समितीवरच्या सासऱ्याच्या वयाच्या माणसाला असलं सांगायची रीत नव्हती. मी म्हटलं, "तिला बाहेर जायची भीती वाटते."

"कुठं बाहीर? मळ्यात तर जाती की माझ्यासंगं."

"तसं बाहेर नाही, नाना."

"मग?"

"आवो, बाहीर म्हंजी बाहीर!" गोदाबाई कडाडल्या. "म्हातारे झालासा, कळंना व्हय?"

नाना एकदम पागोटं नीट करायला लागले. आतून शिल्पाच्या आईचा आवाज आला, ती आठवडाभराची बाळंतीण होती. "खरंय बाई. शाळेतून आली की दप्तर टाकून न्हाणीत पळते. मला वाटलं खेळून येते म्हणून."

"आणि ती बाटली?" मला विचारल्याशिवाय राहवेना. "वेगळं पाणी प्यायचं असं सांगितलं होतंत का?"

"नाही हो. तिकडं उन्हाळा फार. शाळेत सगळ्या पोरी गळ्यात बाटली घालूनच जातात. बाटली नसली तर त्यांच्या बाई रागवायच्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. ओसरीवर दोन-तीन गडीमाणसंही होती, पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "नाना, रांजण निर्दोष आहे. चूक माझी आहे. पोरीनं बाटली जवळ धरली तेव्हा मला वाटलं, तुमच्या घरानं तिला वेगळं पाणी दिलंय. मी तिला न विचारता सगळ्यांसमोर ओतायला लावलं. तिला लातूरला पाठवू नका. आठ दिवस द्या मला. आणि त्या सात पोरांच्या गळ्यातल्या बाटल्या काढा. तो रांजण फुटला तर मी या गावात राहणार नाही."

नानांनी पागोटं पुन्हा नीट केलं. त्यांना राग आला असावा, त्यांच्या घराबद्दल मी काय समजले होते ते मीच बोलून दाखवलं होतं. मग म्हणाले, "आठ दिवसांत काय करनार तुमी? सरकार बांधून देनार हाय व्हय?"

"सरकार नाही. मला तुराट्या पाहिजेत."

तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. त्या वर्षी त्यांचाही दुष्काळ, लोक जपून जपून जाळत होते. नानांनी गोठ्याकडं पाहिलं. जनावरं छावणीत नेलेली होती, गोठा रिकामा पडला होता, भोवती तुराट्यांचा कूड तेवढा उभा होता.

"न्या तो कूड," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई आणि घरातल्या आणखी दोघी बायका डोक्यावर कुडाचे भारे घेऊन शाळेत हजर. जागा ठरली, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. आडोसा उभा करायला चार हात लगेच पुढं झाले. मग खड्डा कुणी खणायचा, असा प्रश्न आला, आणि सगळ्यांच्या नजरा जिकडं वळायच्या तिकडं वळल्या. सुनीताची आई खडीवर निघालेली, पोरीला सोडायला आली होती, ती दाराशी उभी होती. तीच पदर खोचायला लागली.

"थांब गं," मी म्हटलं. "तुझी पाळी शेवटची. पहिली कुदळ मी मारते, दुसरी मोठे गुरुजी."

मोठ्या गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. पण माणूस चांगला होता. धोतराचा सोगा खोचून त्यांनी दहा-बारा घाव घातले, त्यातले तीन जमिनीत बसले. मग गोदाबाईंनी त्यांच्या हातातून कुदळ ओढून घेतली. "सरका गुर्जी, पाय तोडून घ्याल." त्या बाईंनी कमरेइतका खड्डा जवळजवळ एकटीनं खणला. घामानं निथळत वर आल्या, वर्गात शिरल्या, ओगराळं उचललं आणि रांजणातलं पाणी घटाघटा प्यायल्या. त्या दिवशी रांजणात बुद्धवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या पोरांनी आणलेलं तेवढंच पाणी होतं. वरच्या आळीची सात पोरं गळ्यात बाटल्या घालून बघत होती. दुपारपर्यंत बाटल्या रिकाम्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी एकही आली नाही.

दाराला गोणपाट लावलं. धुवायला पाणी नव्हतं म्हणून प्रत्येकानं घरच्या चुलीतली मूठभर राख आणायची, तिचं मडकं आत ठेवलं. मुलींसाठी एक नियम केला, एकटीनं जायचं नाही, जोडीनं जायचं. एक आत, दुसरी गोणपाटाला पाठ लावून बाहेर.

नऊ दिवसांनी शिल्पा आली. गालफडं बसलेली, बाटली नाही. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि म्हणाले, "त्या दिवशी बाई चुकल्या. बाटली आणायची असेल तर आण." मी तिला नवी खोली दाखवायला नेलं नाही. ते काम सुनीताचं. सुनीतानं दिवसभरात तिला कुडाला चार प्रदक्षिणा घालायला लावल्या. "हितून काय बी दिसत न्हाई बघ. म्या आत बसते, तू बाहीरून बघ. दिसले का?" पण शिल्पा पाणी प्यायली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नानांकडून मागून घेतलेले आठ दिवस ती शाळेत आल्यापासून मोजायचे होते, त्यातले दोन गेले. मी रांजणाकडं न बघितल्यासारखं करून बघत असायचे.

तिसऱ्या दिवशी, कुणाला कल्पना नसताना, तपासणीचे साहेब जीपमधून उतरले. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब, सफारी घातलेले. मोठे गुरुजी त्यांना घेऊन थेट माझ्या वर्गात आले. माझ्या कानाशी पुटपुटले, "मस्कतची कुठाय?" मी बघितलं तर तिची जागा रिकामी होती आणि शेजारची सुनीताचीही. पळून गेल्या, असंच वाटलं मला. साहेबांनी हजेरीपट मागितला. साहेब पटावरून बोट फिरवत होते आणि मी दाराकडं बघत होते.

तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. शिल्पा धावत दारात आली. हनुवटी आणि फ्रॉकचा गळा पाण्यानं ओला, हाताला राख. मागून सुनीता धापा टाकत. साहेब, मोठे गुरुजी, सफारी, यातलं तिला काही दिसलं नाही. ती फक्त माझ्याकडं बघत होती, आणि त्या शाळेतलं तिचं पहिलं मोठ्यानं बोललेलं वाक्य ती दारातूनच ओरडली,

"बाई, मी जाऊन आले!"

मोठ्या गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पटातून मान वर केली. "कुठं जाऊन आलीस बाळ?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "तुराट्यात!"

साहेब गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय सांगणार? तपासणीत दाखवण्यासारखं त्या दिवशी माझ्याकडं एवढंच होतं आणि ते मी साऱ्या लातूर जिल्ह्याला ओरडून सांगितलं असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

"शाब्बास," मी म्हटलं. "बस आता जागेवर."